बाहेरून लावलेली कडी

उद्या तुमच्या घरात कोणाचे डोळे गेले तर तुम्ही रडाल, नातेवाईक रडतील, गल्ली हळहळेल. पण ज्याला डोळे कधी मिळालेच नाहीत, त्याच्यासाठी तुम्ही शेवटचं काय केलंत?

घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या पाड्यात ते कोणालाच देता आलेलं नाही.

गुलाबआत्या कावीळ होऊन गेली तेव्हा मी भिवंडीत नव्हते. पोचले तोवर अग्नी देऊन झाला होता. टेमघर पाड्यातल्या त्या घरात माणसं भेटायला येत होती. येत होती आणि सरळ तिच्या धाकट्या भावाजवळ, जगनकाकाजवळ जाऊन बसत होती. "आता याचं कसं व्हायचं? बहीण होती म्हणून हिंडत-फिरत तरी होता बिचारा." जगनकाकाचे डोळे चाळिशीत गेले. गुलाबआत्या आंधळीच जन्मली. मेली ती, आणि उसासे चालले होते त्याच्यासाठी. मी ओढणी तोंडाला लावून कोपऱ्यात बसले. बायकांना वाटलं, रडतेय. मी हसत होते, कारण मला तिचा आवाज जसाच्या तसा ऐकू येत होता : "बगितलंस गो पत्रके? मेल्यावर बी नंबर त्याचाच पयला!"

पत्रके म्हणजे मी. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. आमच्या घराच्या भिंतींना रंग नव्हता, पण पत्रकांचे गठ्ठे पार छतापर्यंत होते. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. समोरच्या घराच्या पडवीत गुलाबआत्या बसायची. लहानपणी मी तिला वडिलांची पत्रकं वाचून दाखवायचे, मोठी झाल्यावर माझी. दोन्हींवर तिचा शेरा एकच. "लय मोठ्यानं लिवलंय. काम काय करायचं ते सांग."

तिचं नाव गुलाब कसं, असं मी एकदा विचारलं होतं. "आईनं बारशाला ठेवलं," ती म्हणाली. "तवा कोनाला कळलं नव्हतं. कळलं तवर सगळ्यांची जीभ वळली व्हती."

उंच, हाडापेरानं दणकट बाई. मान कायम थोडी कललेली, कारण बोलणाऱ्याकडे ती तोंड करत नसे, कान करायची. पाहुण्यांना ते उद्धट वाटायचं. मान डोलवणं तिला कधी आलं नाही. ते माणूस बघून शिकतं, आणि तोंडानं शिकवायला कोणी बसलं नव्हतं. त्यामुळे हो असेल तर ती हो म्हणायची, नाही असेल तर नाही. आपण अर्धवट मान हलवून जशी सुटका करून घेतो, ती सोय तिला नव्हती. पाड्यात तिला फटकळ म्हणायचे त्याचं निम्मं कारण हेच असावं. उरलेलं निम्मं म्हणजे ती खरोखरच फटकळ होती.

चालताना ती जिभेनं टाळूवर चुकचुक आवाज करायची. भिंत जवळ आली की तो आवाज अंगावर परत येतो आणि मोकळी जागा असली की विरून जातो, असं ती सांगायची. हे तिचं तिनंच शोधलेलं. पण आपल्याकडे पाल चुकचुकली की अपशकुन. कोणाच्या लग्नाची बोलणी चालली असताना गुलाब दारात आली की बायका म्हणायच्या, "हिला गप बसवा गो कोनीतरी." त्यापायी आईनं तिला चुलीतल्या लाकडानं मारलं होतं. पोरं तिला पालच म्हणायची. तिला त्याचं काही नव्हतं. "पाल तर पाल," म्हणायची. "पन पाल कदी भितीवर आपटलेली बगितलीस?"

कामाला ती नारपोलीत जायची, मागाच्या एका कारखान्यात कांड्या भरायला. धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती मशीनवर भरायचं काम बायकांकडे असतं. माग चालू असले की तिथं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. हिला हातवारे दिसणार कसे? शेजारच्या मशीनवरची शकीला तिच्या पाठीवर बोलायची. एक थाप म्हणजे चहा आला, दोन म्हणजे शेठ आला, आणि चिमटा म्हणजे कोणीतरी काहीतरी येडेपणा करतोय, सुट्टी झाल्यावर सांगते. "तिथं सगळी भैरी आन मी आंधळी," आत्या सांगायची. "भांडान व्हईल कशाला? लय बरं जमतं."

घरापासून नाक्यापर्यंत चालत, तिथून शेअर रिक्षा. एकटी. कधी कोणी सोडायला गेलं नाही, कधी कोणी आणायला. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं या चालण्यावरच आलं.

जगनकाका टेम्पो चालवायचा. मागावरून उतरलेले कापडाचे तागे गोडाऊनला पोचवायचा. त्याला काचबिंदू झाला. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं कुरतडत आत येतो. त्यानं तो लपवला, कारण लायसन गेलं असतं. कडेच्या गाड्या दिसेनाशा झाल्या, मग समोरच्याही, आणि दवाखान्यात गेला तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

त्या घरात जत्रा भरली. पिशव्यांतून मोसंबी, सफरचंदं, शहाळी. जो तो दारात चपला काढता काढता उसासा टाकायचा. आत्या पडवीच्या कोपऱ्यात बसून मोसंबी सोलत होती.

"आत्या, ती काकासाठी आणलीत ना?" मी विचारलं.

"मी जन्मले तवा मना भेटायला कोनी आलं न्हाय," ती फोड तोंडात टाकत म्हणाली. "तवाची खाते."

आतून जगनकाकाचं रडणं ऐकू आलं. "सगळा काळोख झाला गो रंजना, सगळा काळोख!" रंजनाकाकी म्हणजे त्याची बायको. आत्यानं मोसंबीची बी थुंकली. "काळोख, काळोख. त्याच्याकडं काळोख तरी हाय. मना तेवढा बी मिळाला न्हाय."

मला ते वाक्य तेव्हा समजलं नाही. नंतर कळलं की ती थट्टा करत नव्हती. डोळे मिटल्यावर आपल्याला जो काळोख दिसतो, तोसुद्धा दिसणाऱ्याचाच असतो. ज्यानं उजेड पाहिला त्यालाच अंधार दिसतो. तिच्याकडे दोन्ही नव्हतं, आणि भाऊ त्यातल्या एकावर मालकासारखा रडत बसला होता.

मत्सर हा दुर्गुण आहे असं आपल्याला शाळेपासून शिकवतात. कोण शिकवतं ते बघा. ज्यांच्या ताटात वाढून झालेलं असतं ते शिकवतात. पंगतीत ज्याच्यापुढे पान मांडलंच नाही, त्यानं शेजारच्या पानाकडे पाहिलं तर त्याला हावरट म्हणायचं का? गुलाबआत्याचा मत्सर उघडा होता, रोजचा होता, आणि मी म्हणते, न्याय्य होता.

काकाला परसातल्या संडासापर्यंत जाता यावं म्हणून पोरांनी मागच्या दारापासून निळी नायलॉनची दोरी ताणून बांधली. भिंतीच्या कोपऱ्यांना गोणपाट गुंडाळलं. बादली, पाट, सायकल यांच्या जागा ठरल्या. हलवलं की ओरडा. याच परसात, याच बादलीवर आत्याची नडगी जन्मभर फुटत आली होती. "बादली वाटेत कोनी ठेवली?" असं तिनं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "तुना तर सवय हाय."

दोरी बांधली त्याच्या दुसऱ्या सकाळी काका ती धरून निघाला, आणि अर्ध्या वाटेत ओला परकर फटकन त्याच्या तोंडावर बसला. आत्यानं दोरीभर धुणं वाळत घातलं होतं.

"ए बये, ही दोरी माझी हाय!"

"मना काय दिसतं काय? मना वाटलं, कपड्यांची. मानसासाठी दोरी या परसात मी तरी कदी ऐकली न्हाय."

काकासमोर 'बघ' हा शब्द कोणी काढायचा नाही असंही ठरलं. चुकून कोणी "हे बघ" म्हणालं की घरभर शांतता. आत्याला हसू फुटायचं. ती स्वतः खुशाल म्हणायची : मी पिक्चर बगितला, शकीलाच्या पोरीला बगून आले. तिला तो शब्द कधीच टोचला नव्हता. पण तो टोचतो का, हे जन्मात एकदा तरी कोणी विचारायला हवं होतं, असं तिचं म्हणणं.

सगळ्यांत जास्त तिला लागला तो बल्ब. संध्याकाळी खोलीत ती एकटी असली की रंजनाकाकी येता-जाता बल्ब बंद करायची. हिला काय करायचाय. काका बसला की चालू ठेवायची. त्याला बरं वाटतं. बटणाचा टिक् असा आवाज होतो. तो आत्याला बाजूच्या खोलीतूनही कळायचा. ती म्हणायची, "तो बी आंधळा, मी बी आंधळी. त्याचा बल्ब चालू, माझा बंद. पत्रके, याच्यावर लिव."

काकाही मत्सरात मागे नव्हता. ही बोंबील साफ करते, शेगडीवर भाकरी उलटते, चुकचुक करत तरातरा जाते; आणि आपण, गाडी मुंबईच्या बंदरापर्यंत नेणारा माणूस, स्वतःच्या उंबऱ्याला ठेचकाळतो. त्यानं चुकचुक करून पाहिली. नुसती थुंकी उडाली. रंजनाकाकीनं अंध शाळेतली उठावाच्या ठिपक्यांची, ब्रेलची वही आणून दिली. टेम्पोच्या दोरखंडांनी घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना ठिपके लागेनात. एका दुपारी त्यानं वही भिरकावली आणि जे सगळा पाडा मनात म्हणत होता ते तोंडानं म्हणाला.

"तुझं बरं हाय. तुझं काय गेलंच न्हाय. तुना काय कळनार?"

आत्या तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"बरोबर हाय तुझं. तुझं भरलेलं ताट सांडलं. माझ्यापुढं ताट मांडलंच न्हाय. आता सांग, उपाशी कोन?"

त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांशी बोलू लागली; भांडत का होईना, पण तिसऱ्या माणसाशी बोलता येणार नाही असं.

मग काकाला दिसायला लागलं.

डोळे परत आले नव्हते. पण संध्याकाळी पडवीत बसला की समोर चित्रं यायची. जरीच्या टोप्या घातलेली छोटी छोटी माणसं ओळीनं जाताहेत. समोरच्या भिंतीवर मोरपिशी कापड उलगडत चाललंय, संपतच नाही. रंजनाकाकी घाबरली. भगत आला, लिंबू उतरवून गेला. टोपीवाले दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हे वेड नाही, भूतही नाही. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की डोकं कधीकधी आपलीच चित्रं काढत बसतं.

हे ऐकून काकी सुटकेनं रडली. आत्या संतापली.

"डोळे गेल्यावर बी याला फुकटचा पिक्चर! आन माझं डोकं बसलंय नुसतं?"

तिनं डॉक्टरीणबाईंना विचारायला लावलं : मला का नाही दिसत? बाई म्हणाल्या, ज्यानं कधी पाहिलं असेल त्याचंच डोकं अशी चित्रं काढू शकतं. आत्या दोन दिवस भावाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या शेजारी पाट टाकून बसली. "चल. काय चाललंय ते सांग."

तो त्यांचा रोजचा नेम झाला. तो सांगायचा, ती ऐकायची आणि दर वाक्याला अडवायची.

"लाल लाल पागोटी हायत."

"लाल म्हंजे कसं?"

"तापलेल्या सायलेन्सरला हात लागावा तसं."

"ते गरम झालं. मी लाल विचारलं."

"मंग मिरचीसारखं."

"ते तिखट."

"तुना न्हाय कळनार गो!"

"तुना न्हाय सांगता येत! सगळं भरून ठेवलंय डोक्यात आन एक चमचा देता येत न्हाय. कंजूस मेला!"

पण उठून जायची नाही. काकाचं म्हणणं बाकी कोणी ऐकत नसे. काकी देवाचं नाव घेत आत जायची, मित्र विषय बदलायचे. एक आत्याच काय ती त्याचा शब्द न् शब्द चाटून-पुसून घ्यायची. खरं सांगायचं तर मलाही त्याचा हेवा वाटायचा. आधी संध्याकाळी ती माझी पत्रकं ऐकायची.

आता काकाच्या हातून झालेली चूक. प्रत्येक आंधळा माणूस ती करत नाही. जगनकाकासारखा, नंतर आंधळा झालेलाच करतो.

हळूहळू त्याला धीर आला. काठी घेऊन अंगणात, मग वाटेवर. एका सकाळी कोणाला न सांगता तो नाक्याच्या चहावाल्याकडे निघाला. वाट त्याला तोंडपाठ, म्हणजे डोळ्यांपाठ होती : पिंपळ, मग बांध, बांधावरून शेताच्या कडेनं सरळ. तो हसत, काठी नीट न टेकवता, ऐटीत चालला. पण तो चालत होता ती वाट त्याच्या डोक्यातली होती. बांध कधीच गेला होता. शेतात भराव पडून तिथं नव्या गोडाऊनचा पाया खणला होता. तो थेट खड्ड्यात गेला. पाय मोडला.

आत्या त्याच जागेवरून रोज जात होती. बांध गेला त्या दिवशी तिला कळलं, भराव पडला त्या दिवशी कळलं, आणि खड्डा खणला त्या दिवशीही. तिच्या डोक्यात गावाचं चित्रच नव्हतं. म्हणून ती रोज सकाळी गाव नव्यानं विचारून घ्यायची, काठीनं आणि जिभेनं.

पण पाड्यानं काय निष्कर्ष काढला? आंधळ्यांना एकटं सोडू नये. आंधळ्यांना! दोघांना. पडला एक, आणि शिक्षा दोघांना. रंजनाकाकी गोडाऊनवर पॅकिंगला जायची. जाताना तिनं दाराला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. नवी, चकचकीत, मुद्दाम सुताराकडून बसवून घेतलेली. मागचं परस कुंपणानं बंद, तिथून बाहेर वाट नव्हतीच.

काकी दुष्ट नव्हती. नवऱ्याचं प्लॅस्टर, घरातलं सगळं काम, आणि पाड्यातले दहा जण येऊन "आता दुसरीलाही जपा" म्हणून सांगून गेलेले. "मी एकटी दोघांचं कुठं कुठं बघू, वन्सं?" ती रडत म्हणाली.

"माझं कदी बगितलंस गो तू?" आत्या म्हणाली.

आणि जगनकाका? त्याला आनंद झाला. खाटेवर पाय वर करून पडला होता. आत्या दार ढकलून पाहत होती, आणि तो म्हणाला, "आता कसं वाटतं? आता झालो आपन सारखं."

मी पेटून घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. अंध बांधवांच्या हक्कांसाठी, सुरक्षित रस्त्यांसाठी, उघड्या खड्ड्यांच्या विरोधात. खिडकीच्या गजांतून तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अंध बांधव म्हंजे कोन?"

"तू... काका..."

"तो माझा बांधव हाय, एका आईचा. आंधळेपन आमचं एक न्हाय. त्याचं त्याला विचार, माझं मना." मग गज हातानं चाचपत म्हणाली, "खड्डा लिवलास, रस्ता लिवलास, सरकार लिवलंस. यात कडी कुटं हाय?"

कडी नव्हती. कडी लिहायची म्हणजे समोरच्या घराचं नाव घ्यायचं. माझ्या ओळखीच्या, भल्या बाईचं. सरकारवर लिहिणं सोपं असतं.

तिनं तिचा उपाय स्वतः काढला. माझे वडील ऐकून म्हणाले, ही खरी युनियनची बाई. तिनं संप केला. संध्याकाळी काकानं सुरुवात केली, "आज कापड पिवळं हाय..." आणि ती उठून आतल्या खोलीत गेली.

"गुलाबे, ऐक ना."

"कडी हाय तवर तुझा पिक्चर बंद."

काकानं हट्ट धरला. टोपीवाले येत राहिले, कापड उलगडत राहिलं. बायकोला सांगायला गेला, तिनं कपाळाला अंगारा लावला. मला हाक मारली, पण मी लाल म्हणजे कसा हे विचारत नाही. मला ठाऊक आहे ना. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगण्यात काय गंमत? बघता बघता तो खरंच आंधळा झाला. दिसत होतं, पण दाखवायला कोणी नव्हतं.

मग शकीला नारपोलीहून आली. दारातच उभी राहून बोलली, श्वास लागलेला. "गुलाब, शेठ बोलता है तेरी मशीन पे दूसरी बिठाएगा. मैंने रोक के रखा है. कल आती है क्या? साफ बोल."

आत्या दारापाशी आली. तिचा हात चौकटीवर होता. मी तिला घाबरलेलं त्या एकाच वेळी पाहिलं. ते मशीन गेलं की चालायला कारणच उरणार नव्हतं, आणि कारण नसलेल्या आंधळ्या बाईला कोण बाहेर सोडतं?

"न्हाय येत ती," रंजनाकाकी म्हणाली. "यांचं काय झालं बघितलं ना? उद्या वन्सं पडल्या तर लोक मला विचारतील."

खाटेवरून आवाज आला. "रंजना, मी आंधळा म्हनून न्हाय पडलो."

सगळ्या तिकडे वळल्या.

"मना दिसत व्हतं म्हनून पडलो. बांध दिसत व्हता, शेत दिसत व्हतं, पिवळं झालेलं भात बी. मी ते बगत बगत चाललो. हिला तसलं काय दिसत न्हाय. ही न्हाय पडायची." मग तो म्हणाला, "मी उगाच खूश झालो व्हतो. काढ ती कडी."

काकी उंबऱ्यावर बसली. "मला भीती वाटते हो, वन्सं."

"भी गो. भिऊ नको कोन बोलतं? पन भीती तुझी, मंग कडी मना कशाला?"

काकी उठली, खाटेखालची टेम्पोची हत्यारांची पेटी ओढली आणि नवऱ्याच्या हाताशी आणून ठेवली. आम्ही त्याला खुर्चीत बसवून खुर्ची दाराशी नेली. पेटीतला स्क्रूड्रायव्हर त्यानं बरोबर काढला. तिथं त्याच्या बोटांना काही शिकवावं लागलं नाही. स्क्रू खाली टणटण पडत गेले आणि आत्या आवाजावर हात टाकून एकेक उचलत गेली.

"हळू पाड. घरंगळतात."

"तू हायस ना उचलायला, पाल."

शकीलानं आत्याच्या पाठीत चिमटा काढला. दोघी हसल्या.

प्लॅस्टर निघाल्यावर आत्या त्याला बरोबर नेऊ लागली. नाक्यापर्यंत जायचं, चहा, मग काकाला चहावाल्याकडे बसवून ती रिक्षात. लोकांना वाटलं, बहीण-भावांचं सगळं मिटलं. काही मिटलं नव्हतं. मत्सर होता तिथंच होता. आता तो फक्त पायी चालत होता.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या वाटेवर. मला बाहेरगावी नोकरी लागली होती, बॅग घेऊन नाक्यावर उभी होते. गोडाऊनच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं ती दोघं येत होती. ती पुढे, मान कललेली, काठी चालू, चुकचुक चालू. मागे तो, हात तिच्या खांद्यावर.

"हितं बांध व्हता," तो म्हणत होता.

"हितं ट्रेलर उभा हाय. आत सरक."

तो सरकला. "लावनीच्या टायमाला शेतात पानी भरलं की त्याच्यात आख्खं आभाळ दिसायचं."

ती थांबली. तोही तिच्या पाठीवर आपटून थांबला.

"आभाळ तर वर असतंय."

"वर बी असतंय. आन पान्यात बी दिसतंय. तसंच. ढग-बिग सगळं."

मागून हॉर्न वाजत होते. ती हलली नाही. त्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुसरं नाव नाही. हेवा होता, धगधगीत, लहान मुलासारखा.

"म्हंजे मना एकदा बी न्हाय," ती म्हणाली, "आन मेल्या, तू ते दोनदा बगितलंस?"

"दोनदा," काका अपराध्यासारखा म्हणाला.

"चल. पुडं सांग. सगळं सांग."

आणि चुकचुक करत ती पुढे निघाली. मी हाक मारली नाही. ती ऐकत होती.

परवा त्या घरातून निघताना मी दार पाहिलं. कडी नाही, स्क्रूची भोकं तेवढी आहेत. भेटायला आलेल्यांपैकी एक जण काकीला सांगत होता, "आता जगनला एकटं सोडू नका हं." काकी त्या भोकांवर हात ठेवून उभी होती. ती हो म्हणाली नाही.

काम काय करायचं ते सांग, असं आत्या म्हणायची. सांगते. हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या घराची, शेजाऱ्याची, काकाच्या-मामाच्या घराची दारं आठवा. त्यांतल्या एखाद्या दाराला आत माणूस असताना बाहेरून कडी लागत असेल, त्याच्या भल्यासाठी, तुमच्या भीतीपोटी, कशापायीही, तर तिथं जा. आतल्या माणसाला विचारा, त्याला कुठं जायचंय. आणि नुसती कडी उघडून परत येऊ नका. स्क्रूड्रायव्हर घेऊन जा.